राखणदार बंद पडला तर?

नदीतल्या माशाला वीज लागत नाही. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत राहणाऱ्या माशाला लागते आणि चोवीस तास लागते. फिल्टरचा पंप, हवेचा पंप, थंडीत हीटर, उन्हाळ्यात पंखा किंवा चिलर, पाणवनस्पती असतील तर दिवे आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवरची झडप. एखाद्या हौशी माणसाच्या टँकमागे डोकावलं तर सहा-आठ वायरी सहज दिसतात. पाहुणे समोरून मासे बघतात, पण टँक जगतो तो या मागच्या बाजूच्या जोरावर.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एका भांड्यात दोन गोल्डफिश, थोडी व्हॅलिस्नेरिया आणि काही गोगलगायी ठेवून दाखवलं होतं, की वनस्पती प्राणवायू पुरवतात, गोगलगायी कुजका पाला खातात आणि मासे वारंवार पाणी न बदलताही जगतात. ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना तिथून रुजली. आपल्याकडचे बहुतेक टँक या समतोलाच्या जवळपासही नसतात. शंभर लिटरच्या टँकमध्ये आपण पंधरा-वीस मासे ठेवतो, त्यांना पोटभर खायला घालतो आणि उरलेला समतोल यंत्रांवर सोपवतो. यंत्र थांबलं की हिशेब लगेच बिघडतो, कारण पाण्यात प्राणवायूची शिल्लक फार थोडी असते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो ७.५ वर येतो. समुद्राच्या पाण्यात तर त्याहून सुमारे पाचवा हिस्सा कमी. म्हणजे गरमीत माशाची गरज वाढते तेव्हाच पाण्यातला पुरवठा घटलेला असतो.

ही सगळी यंत्रं एका जागी जोडून त्यांच्यावर नजर ठेवणारी पेटी म्हणजे कंट्रोलर. तिचे तीन भाग असतात: पाण्यात बुडवलेले सेन्सर, निर्णय घेणारा छोटा संगणक आणि त्याच्या हुकमाने प्लग चालू-बंद करणारे रिले. परदेशात प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्नियातल्या नेपच्यून सिस्टिम्सचा ‘एपेक्स’ आणि जर्मनीच्या जीएचएलचा ‘प्रोफिलक्स’ ही नावं पक्की बसलेली आहेत. ज्यांना स्वतः जोडायची हौस आहे त्यांच्यासाठी रास्पबेरी पायवर चालणारी ‘रीफ-पाय’ ही मुक्त प्रणाली आहे, आणि ईएसपी३२ किंवा आर्डुइनोवर घरगुती जुगाड करणारे तर असंख्य. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत काही शे रुपयांत मिळणारा, लाल आकडे दाखवणारा तापमान-नियंत्रक हाही याच कुळातला. त्याला मोबाइल अॅप नसतं, आलेख नसतात. तरी बहुतेक टँकना आधी तोच लागतो.

कंट्रोलरचं मूळ काम सोपं असतं. पाणी २५.५ अंशांच्या खाली गेलं की हीटर चालू, २६ ला पोचलं की बंद. मधला अर्धा अंश मुद्दाम सोडलेला असतो. तो नसता तर २५.९ आणि २६.० यांच्या सीमेवर रिले दिवसभर टकटक करत बसला असता आणि लवकरच निकामी झाला असता. इथपर्यंत शाळकरी पोरगासुद्धा प्रोग्राम लिहू शकतो. खरी कसोटी पुढे आहे, आणि तिथे महागड्या पेट्याही फसतात.

सगळ्यात जास्त मासे मारणारं उपकरण कोणतं, असं जुन्या जाणत्यांना विचारलं तर बरेच जण हीटरचं नाव घेतात. हीटरच्या आतला थर्मोस्टॅट म्हणजे तापल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी. ती वाकली की संपर्क तुटतो, गार झाली की जुळतो. दर वेळी संपर्क तुटताना बारीक ठिणगी पडते. हजारो ठिणग्यांनंतर कधीतरी ती दोन टोकं एकमेकांना वितळून चिकटतात आणि हीटर बंद व्हायचं विसरतो. शंभर लिटर पाण्यात २०० वॅटचा हीटर असा अडकला, तर नुसत्या गणिताने पाणी तासाला पावणेदोन अंशांनी तापतं. काचेतून आणि पृष्ठभागावरून उष्णता निसटत असल्यामुळे प्रत्यक्षातला वेग कमी असतो, तरी रात्री झोपताना २६ असलेले अंश सकाळी ३१-३२ झालेले दिसू शकतात. घरातले सगळे दोन दिवस गावाला गेले असतील तर परतल्यावर काय दिसेल ते सांगायला नको.

यावर उपाय म्हणून कंट्रोलर आणला, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: कंट्रोलरच्या रिलेलाही असेच धातूचे संपर्क असतात, तेही असेच चिकटतात. म्हणून जाणकार मंडळी हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून टाकत नाहीत. कंट्रोलर २६ ला लावतात आणि हीटरचा खटका २७ ला. रोजची चालू-बंद कंट्रोलर करतो, त्यामुळे हीटरचा खटका झिजत नाही. आणि कंट्रोलरचा रिले चिकटलाच तर २७ ला हीटर स्वतःहून थांबतो. दोन्ही एकाच दिवशी बिघडतील तेव्हाच मासे शिजतील. त्यावरची आणखी एक युक्ती बिनखर्चाची आहे. एक २०० वॅटचा हीटर घेण्याऐवजी ७५ वॅटचे दोन घ्यावेत. एक चिकटून कायम चालू राहिला तरी एवढ्या पाण्याला धोक्याच्या पातळीपर्यंत न्यायला त्याला फार वेळ लागतो. एक मेला तर दुसरा पाणी एकदम गार होऊ देत नाही.

सेन्सरचा घोटाळा आणखी गमतीदार, म्हणजे आपला टँक नसेल तर गमतीदार. घरगुती कंट्रोलरमध्ये डीएस१८बी२० नावाचा तापमान सेन्सर सर्रास वापरतात. स्वस्त आहे आणि अर्ध्या अंशापर्यंत अचूक आहे. पण त्याची तार तुटली किंवा जोड सैल झाला की आर्डुइनोवरची त्याची नेहमीची लायब्ररी उणे १२७ हा आकडा परत देते. ही चूक कळवायची खूण आहे. भोळा प्रोग्राम मात्र ते तापमानच समजतो. पाणी उणे १२७ अंश झालंय, लावा हीटर! मग पाणी उकळायला आलं तरी हा प्रोग्राम हीटर बंद करणार नाही. हाच सेन्सर वीज मिळाल्यावर मोजणी पूर्ण होण्याआधी वाचला तर ८५ अंश सांगतो. तेव्हा प्रोग्राममध्ये पहिली ओळ अशी हवी, की १५ च्या खालचा आणि ४० च्या वरचा कोणताही आकडा खोटा धरावा, हीटर बंद करावा आणि मालकाला हाक मारावी. सेन्सर शाबूत असूनही फसवतो, असंही होतं. काच पुसताना कुणीतरी तो बाहेर काढून ठेवतो आणि विसरतो. आता तो खोलीतल्या हवेचं तापमान मोजतोय, हवा २० अंश, आणि हीटर पाणी तापवतच सुटलाय. अशा वेळी आकडा अगदी पटण्याजोगा असतो, त्यामुळे वरची ओळ कामाला येत नाही. तिथे वेळेची मर्यादा लागते: हीटर सलग दोन-तीन तास चालूनही आकडा हलत नसेल तर काहीतरी गडबड आहे असं समजून तो बंद करायचा.

इतकं सांगण्याचं कारण असं, की जाहिरातीत कंट्रोलरच्या करामती मोजतात. तो किती प्लग सांभाळतो, किती रंगांचे दिवे उजळतो, सूर्योदय-सूर्यास्त कसा घडवतो. माझ्या मते घेताना एकच प्रश्न विचारावा: हा बंद पडला तर प्रत्येक प्लगचं काय होईल? हीटर बंद व्हायला हवा. फिल्टरचा पंप चालूच राहायला हवा. उत्तर प्रत्येक उपकरणागणिक वेगळं असतं. एपेक्ससारख्या यंत्रात प्रत्येक प्लगला ‘फॉलबॅक’ नावाची नोंद द्यावी लागते ती यासाठीच. मुख्य पेटीशी संपर्क तुटला तर हा प्लग चालू सोडायचा की बंद, हे आधीच ठरवून ठेवायचं. घरी जोडणाऱ्यांना हे रिलेच्या तारेतच करता येतं. रिलेला दोन बाजू असतात. एक बाजू रिले झोपलेला असताना तुटलेली असते, दुसरी जोडलेली. हीटर पहिल्या बाजूला जोडा, पंप दुसऱ्या. मग कंट्रोलर मेला, त्याचा अॅडॉप्टर जळला, तरी हीटर बंद आणि पंप चालू. पंप थांबवायचा असेल तेव्हाच रिलेला जागं करायचं. यात एका पैशाचा जादा खर्च नाही, फक्त तार वेगळ्या स्क्रूखाली जाते. तरी दहातल्या किती जोडण्या अशा असतील याबद्दल मला शंका आहे.

महाराष्ट्रात हीटरपेक्षा उन्हाळ्याची चिंता मोठी. चिलर महाग, वीजखाऊही. म्हणून पुष्कळ जण पाण्याच्या पृष्ठभागावर संगणकातले छोटे पंखे रोखून लावतात. यामागचं गणित मोठं उदार आहे. शंभर लिटरमधलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर उरलेल्या पाण्यातून जवळपास पावणेसहा अंशांइतकी उष्णता घेऊन जातं. खोलीतली उष्णता परत आत शिरत असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन ते चार अंशांचा उतार पडतो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात हे पंखे चोख काम करतात. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, तिथे पंख्याचा निम्मा जोर वाया जातो. पंख्यांना कंट्रोलरवर टाकलं की ते २८ ला सुरू, २७.५ ला बंद, आणि रात्री उगाच पाणी उडत नाही.

पण उडालेलं पाणी भरून काढावं लागतं. गोड्या पाण्यात ते आळसाने केलं तरी चालतं. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. शंभर लिटरमधून रोज दोन लिटर उडाले तर क्षारता एका दिवसात ३५ वरून ३५.७ वर जाते, आणि आठवडाभरात प्रवाळांना ते सोसत नाही. म्हणून पातळी घटली की शुद्ध पाणी आपोआप सोडणारी व्यवस्था करतात. फ्लोट स्विच खाली आला की पंप चालू, वर आला की बंद. आता या स्विचखाली एखादी गोगलगाय जाऊन बसली, किंवा मिठाचा थर साचून तो खालीच अडकला, तर? पंप पाणी ओतत राहील. इथे बचावाचा मार्ग साठ्याच्या आकारात आहे. साठ्याची बादली दहा लिटरचीच ठेवली, तर ती पूर्ण रिकामी झाली तरी क्षारता ३५ वरून ३१.८ पर्यंतच उतरते. वाईट आहे, पण बहुतेक जीव तग धरतात. त्याऐवजी कुणी शहाणपणा करून थेट गच्चीवरच्या टाकीची नळी जोडली, तर मासे गोड्या, क्लोरीनयुक्त पाण्यात मरतील आणि खालच्या मजल्यावरचे काका छत गळतंय म्हणून वर येतील. दुसरा स्विच थोडा वर लावणं आणि पंपाला एका वेळी काही मिनिटांहून जास्त चालू न देणं, हे त्यावरचे जोडउपाय.

आता भारनियमन. विजेच्या बाबतीत परदेशी पुस्तकांतले सल्ले आपल्या उपयोगाचे नाहीत, कारण त्यांचं गृहीतच वेगळं असतं. आपल्याकडे वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि येताना कधी दाब फार वर असतो कधी फार खाली. या ये-जा करण्यात कंट्रोलरला तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली घड्याळाची. रास्पबेरी पायच्या जुन्या पिढ्यांमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, ते वेळ इंटरनेटवरून घेतात. वीज आली पण राउटर सुरू व्हायचा असेल तर त्यांची वेळ चुकीची, आणि रात्री दोनला टँकचे दिवे लागतात. नाण्याएवढी बॅटरी असलेलं घड्याळाचं मोड्यूल जोडलं की हा प्रश्न मिटतो. दुसरी ठेच मेमरी कार्डाची. लिहिण्याच्या ऐन क्षणी वीज गेली तर कार्ड खराब होतं आणि पेटी पुन्हा उठतच नाही. तिसरी चिलरच्या कॉम्प्रेसरची. बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबूनच तो पुन्हा चालू करायचा असतो, नाहीतर मोटर जळते. फ्रिजचा स्टॅबिलायझर हेच काम करतो. चांगल्या कंट्रोलरमध्ये ही सवड देता येते, ती शून्यावर ठेवू नये.

वीज चार-सहा तास गेली तर माशांपेक्षा आधी फिल्टरमधले जिवाणू अडचणीत येतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया हेच जिवाणू पचवतात आणि त्यांना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी हवं असतं. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी साचून राहिलं की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते कुजकट पाणी पंप थेट टँकमध्ये ढकलतो. म्हणून लांबल्या भारनियमनानंतर फिल्टर आधी टँकच्याच पाण्यात विसळावा, मग लावावा. घरात इन्व्हर्टर असेल तर सगळा टँक त्यावर टाकायची गरज नाही. एक हवेचा पंप आणि कंट्रोलर एवढंच टाका. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर साधे पाण्याचे पंप त्यावर घरघरतात आणि तापतात, हेही ध्यानात ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप बाजारात मिळतो. माझ्या मते मासे पाळणाऱ्या प्रत्येक घरात तो कंट्रोलरच्याही आधी हवा.

आणि संदेशाचं काय? वीज गेली की कंट्रोलरने मोबाइलवर कळवावं ही अपेक्षा. पण वीज गेली की राउटरही जातो. ज्या दिवशी बोंब मारायची त्याच दिवशी त्याचा आवाज बंद. यासाठी उलटी रीत वापरतात. कंट्रोलर दर काही मिनिटांनी दूरच्या सर्व्हरला ‘मी आहे’ एवढंच सांगत राहतो, आणि ते सांगणं थांबलं की सर्व्हर तुम्हाला हाक मारतो. शांतता हाच धोक्याचा इशारा धरायचा. मात्र इशाऱ्यांच्या मर्यादा सैल ठेवा. तापमान २४ ते २९ च्या बाहेर गेलं तरच फोन वाजावा. दर अर्ध्या अंशाला वाजणारा फोन माणूस चौथ्या दिवशी गप्प करतो, आणि पाचव्या दिवशीची खरी हाक त्याला ऐकू येत नाही.

पीएच प्रोबविषयी माझं मत थोडं कडवट आहे. पाणवनस्पतींच्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो विरघळला की पीएच उतरतो. म्हणून काही जण ठराविक पीएचला झडप बंद करणारा कंट्रोलर लावतात. कार्बोनेट कडकपणा ४ असेल तर पीएच ६.६ म्हणजे लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम वायू, वनस्पतींना उत्तम आणि माशांना सहन होणारा. पण पीएचचं माप लघुगणकी (लॉगरिदमिक) आहे. काचेचा प्रोब दिवसांगणिक सरकतो, आणि तो ०.३ ने जास्त दाखवू लागला तर टँकमध्ये ३० ऐवजी ६० मिलिग्रॅम वायू झालेला असतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात आणि पडदा मात्र ६.६ दाखवत असतो. महिन्या-दोन महिन्यांनी प्रोब ४ आणि ७ च्या द्रावणात तपासायची शिस्त नसेल, तर झडप साध्या टायमरवर ठेवावी हे बरं. झडप वीज नसताना बंद राहणारीच घ्यावी, म्हणजे भारनियमनात वायू आपोआप थांबतो.

प्रोबचा खरा उपयोग आलेखात आहे. दिवसा वनस्पती वायू ओढतात, पीएच चढतो, रात्री उतरतो. ही रोजची लाट दिसायला लागली की तिचा आकार बदलताच काहीतरी बदललंय हे कळतं. खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत चार माणसं रात्रभर झोपली तर त्यांच्या श्वासातल्या वायूनेसुद्धा टँकचा पीएच खाली जातो, इतकं हे पाणी खोलीशी बांधलेलं असतं.

अमोनिया मात्र बहुतेक कंट्रोलरना दिसतच नाही, आणि नव्या टँकमध्ये मासे मरतात ते मुख्यतः त्यानेच. तो सतत मोजणारी काही साधनं आहेत, पण त्यांची पट्टी दर महिन्याला बदलावी लागते. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे कंट्रोलरला दिसणारे तापमान आणि पीएच दोन्ही ठीक असताना मासे मरू शकतात. थेंबांची टेस्ट किट आणि माशांकडे रोज दोन मिनिटं बघणं याला पर्याय निघालेला नाही. अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर, कोपऱ्यात एकटा पडलेला मासा, हे कुठल्याही प्रोबला कळत नाही.

गणपतीला गावी जाताना खाद्य टाकणारं यंत्र लावून जायची पद्धत आहे. त्या दिवसांत हवा दमट असते, कोकण-मुंबईत खाद्याचे दाणे ओलसर होऊन यंत्राच्या तोंडाशी गोळा होतात. मग एक तर काहीच पडत नाही किंवा सगळा गोळा एकदम पडून सडतो. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तर त्यांचं काही बिघडत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली दिलीत तर रोजच्या खाद्याच्या पुड्या बांधून द्या, डबा देऊ नका.

शेवटी माणसांची सुरक्षा, कारण पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी नांदतायत. टँकच्या सगळ्या प्लगांच्या आधी विजेची गळती ओळखून ३० मिलिअँपियरला तुटणारा ईएलसीबी बसवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली वाकून मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली टपकेल. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खरेदीचा क्रम मी असा लावेन: ईएलसीबी, बॅटरीचा हवापंप, साधा तापमान-नियंत्रक, आणि मग पैसे उरले तर मोबाइलवर आलेख दाखवणारा मोठा कंट्रोलर. तो घेतलाच, तर महिन्यातून एकदा, तुम्ही घरी असताना, त्याच्या मुख्य पेटीची वायर उपटा. पंप चालू आहे का आणि हीटर बंद झाला का ते बघा. मग वायर परत जोडून तापमानाचा प्रोब बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि फोन किती मिनिटांत वाजतो ते घड्याळ लावून मोजा. वाजला नाही, तर सुट्टीवर निघण्याआधी कंट्रोलर दुरुस्त करून घ्या.